लॅटिनो पर्यावरणवाल्यांबद्दल वाचायचंय, पण त्याच त्या दहा चेहऱ्यांच्या पलीकडचं

पाऊलवाट:

नमस्कार मंडळी, थोडी मदत हवीये. मी अमेरिकेत एका कंपनीत काम करते, आमच्याकडे दरवर्षी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हिस्पॅनिक हेरिटेज मंथ, म्हणजे लॅटिनो (लॅटिन अमेरिकन वंशाच्या) लोकांच्या वारशाचा महिना असतो आणि यंदा ऑफिसच्या ग्रीन टीमतर्फे अर्ध्या तासाचं प्रेझेंटेशन माझ्याकडे आलंय. विषय आहे पर्यावरणासाठी झटणारे लॅटिनो उद्योजक, कार्यकर्ते आणि कंटेंट क्रिएटर्स. विषय आवडला म्हणून हौसेने हो म्हटलं, पण शोधायला बसल्यावर जिथे तिथे त्याच याद्या सापडतायत, एक हसरा फोटो, खाली दोन ओळी की ही व्यक्ती किती प्रेरणादायी आहे, आणि मग एखाद्या साबणाची नाहीतर पर्सची लिंक. त्या माणसाने केलं काय, कोणाशी भांडला, त्याने काय बदललं, हे शोधून सापडत नाही.

आत्तापर्यंत माझ्याकडे दोन नावं आहेत. एक शिये बास्तिदा, मेक्सिकोतल्या सान पेद्रो तुल्तेपेकची ओतोमी-तोल्तेक मुलगी, 2015 मधे गावात पूर आला, त्याच सुमारास कुटुंब न्यूयॉर्कला आलं, आणि मार्च 2019 मधे तिने शाळेतल्या जवळजवळ सहाशे मुलांना वर्गाबाहेर काढून हवामानासाठीच्या संपात नेलं. दुसरा इसायास एर्नांदेस, लॉस एंजेलिसचा, बर्कलीत पर्यावरणशास्त्र शिकला आणि 2019 पासून क्वीअर ब्राऊन व्हीगन नावाने सोशल मीडियावर सोप्या भाषेत समजावून सांगतो. त्याचं मला हे आवडतं की तो नुसतं हे घ्या ते घ्या करत नाही, एखाद्या वस्तीच्याच वाट्याला कारखाने आणि कचरा का येतो हे नीट उलगडतो.

पण उद्योजकांच्या बाबतीत मी अडकलेय. निवडुंगाचं लेदर, अवोकाडोच्या बियांचे चमचे, हे सगळं खरंच उपयोगाचं आहे की नुसतं मार्केटिंग? आणि ज्यांच्या कामाने एखाद्या जागी काहीतरी ठोस बदललंय असे कोण कोण? कोणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा प्लीज, लांबलचक लिहिलंत तरी चालेल.

---

कडुनिंब:

ताई, शिकागोपासून सुरुवात करा. शहराच्या नैऋत्येला लिटल व्हिलेज म्हणून वस्ती आहे, बहुतांश मेक्सिकन कुटुंबं. तिथे क्रॉफर्ड आणि जवळच्या पिल्सनमधे फिस्क अशी कोळशावरची दोन वीजकेंद्रं होती, फिस्क 1903 सालचं, क्रॉफर्ड 1924 चं. क्लीन एअर ॲक्ट आला तेव्हा जुनी केंद्रं लवकरच बंद होतील असं धरून त्यांना कडक नियमांतून सवलत मिळाली, आणि मग ती बंद झालीच नाहीत, दशकानुदशकं लोकांच्या घरांना लागून धूर ओकत राहिली. हार्वर्डच्या संशोधकांनी हिशोब मांडला की या दोन केंद्रांमुळे वर्षाला चाळीसच्या वर अकाली मृत्यू आणि दम्याचे हजारो झटके येतात.

किंबर्ली वॉसरमनचं बाळ तीन महिन्यांचं असताना त्याला दम्याचा झटका आला आणि तिने दारोदार जाऊन विचारायला सुरुवात केली की तुमच्याकडे कोणाला होतं का असं. जवळपास प्रत्येक घरात कोणीतरी होतंच. लिटल व्हिलेज एन्व्हायर्नमेंटल जस्टिस ऑर्गनायझेशन या वस्तीतल्याच संस्थेचं काम तिने हाती घेतलं, पत्रकारांना, नेत्यांना, शाळकरी मुलांना वस्तीतून फिरवून हे बघा इथून धूर येतो, इथे मुलं खेळतात असं दाखवलं, त्याला ते टॉक्सिक टूर म्हणायचे. 2012 मधे दोन्ही केंद्रं बंद झाली. 2013 मधे तिला पर्यावरण कार्यकर्त्यांना दिला जाणारा गोल्डमन पुरस्कार मिळाला. आणि हा भाग कुठल्याच यादीत नसतो, की हे लोक तेवढ्यावर थांबले नाहीत, वस्तीतून काढून घेतलेली बस परत यावी म्हणूनही भांडले, आणि डांबरी छपरांच्या सामानाचा जुना कारखाना होता, सुपरफंड या विषारी जागा साफ करायच्या सरकारी योजनेखाली साफ करावी लागलेली जमीन, तिथे 2014 मधे वीस एकरांहून मोठं बाग-मैदान, ला व्हिलिता पार्क, उभं करून घेतलं.

पण पुढचंही सांगा तुमच्या प्रेझेंटेशनमधे. एप्रिल 2020 मधे, कोविडच्या ऐन भरात, क्रॉफर्डची जुनी चिमणी स्फोटाने पाडली आणि धुळीचा प्रचंड लोट सगळ्या वस्तीवर पसरला. श्वसनाच्या साथीत. त्या जागेवर आता मोठं गोदाम आहे, म्हणजे कोळशाच्या जागी डिझेलचे ट्रक आले, आणि संस्थेचं भांडण त्या ट्रकांशी चालू आहे. मला वाटतं लोकांना हे कळायला हवं की एक केंद्र बंद पडलं म्हणजे काम संपत नाही, त्या जागेवर पुढे काय येणार हे ठरवायचा हक्क वस्तीला मिळतो का, खरी झटापट तिथे असते.

ब्रुकलिनच्या सनसेट पार्कमधे एलिझाबेथ यांपिएर यांची अपरोज संस्था नेमकं हेच करते. 1966 पासूनची संस्था, मूळची पोर्टोरिकन लोकांनी काढलेली. तिथल्या बंदराजवळच्या औद्योगिक पट्ट्यात मोठमोठी दुकानं, हॉटेलं आणायचा बेत होता, 2020 मधे विकासकाला तो अर्ज मागे घ्यावा लागला. नुसतं नको नको म्हणत बसले नाहीत ते, आमच्या धक्क्यावर पवनऊर्जेची कामं आणा, वस्तीतल्या लोकांना त्या नोकऱ्या द्या असा स्वतःचा आराखडा मांडला, आणि साऊथ ब्रुकलिन मरीन टर्मिनल समुद्रातल्या पवनचक्क्यांचं केंद्र म्हणून निवडलं गेलं.

---

टिपकागद:

मी मटेरियल्सच्या क्षेत्रात काम करतो म्हणून तुमच्या उद्योजकांच्या प्रश्नाबद्दल लिहितो.

निवडुंगाचं लेदर म्हणजे देसेर्तो. आद्रियान लोपेस व्हेलार्दे आणि मार्ते कासारेस या दोन मेक्सिकन तरुणांनी काढलं, 2019 मधे मिलानच्या चर्मप्रदर्शनात पहिल्यांदा दाखवलं. नोपाल म्हणजे फड्या निवडुंगासारखं झाड, सुपीक जमीन लागत नाही, पाणी अगदी कमी, आणि पिकलेली पानं तेवढी कापायची, झाड तसंच उभं राहतं आणि पुन्हा फुटतं. पानं वाळवून, दळून त्याची भुकटी पॉलिमरमधे मिसळतात आणि कापडाच्या अस्तरावर थर देतात. इथेच खरी गोष्ट आहे, तो पॉलिमर म्हणजे पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लास्टिकच. म्हणजे हे पूर्ण वनस्पतीजन्य नाही, मातीत टाकलं की कुजून जाईल असंही नाही. गुरं पाळण्याशी आणि क्रोमियमने चामडं कमावण्याशी तुलना केली तर फायदा आहे, पेट्रोलियमचा वाटाही नुसत्या प्लास्टिकच्या लेदरपेक्षा कमी होतो, म्हणून मी या कामाला मान देतो, पण ऑफिसात सांगताना निवडुंगापासून बनवलेलं असं म्हणू नका, निवडुंग मिसळलेलं म्हणा. मर्सिडीजने 2022 च्या व्हिजन ईक्यूएक्सएक्स या कॉन्सेप्ट गाडीत यांचंच मटेरियल वापरलं होतं, हे सांगितलंत तर लोक कान टवकारतील.

अवोकाडोचे चमचे म्हणजे बायोफासे, स्कॉट मुंगिया नावाच्या केमिकल इंजिनिअरने विद्यार्थी असतानाच अवोकाडोच्या बियांपासून प्लास्टिकसारखा पदार्थ करायची पद्धत शोधली. मेक्सिको हा जगातला सगळ्यात मोठा अवोकाडो उत्पादक, गर आणि तेल काढणाऱ्या कारखान्यांत बियांचे ढीग उरतात, ते एरवी कचऱ्यातच जायचे. मक्यापासून प्लास्टिक करताना खायचं धान्य खर्ची पडतं, इथे तसं नाही, म्हणून कल्पना उत्तम आहे. पण बी ज्या फळातून येतं ते फळ मुख्यतः मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातून येतं, आणि तिथे अवोकाडोच्या बागांसाठी पाइनची जंगलं तोडली गेलीत. त्याच मिचोआकानमधे मोनार्क फुलपाखरांच्या जंगलाचे रक्षक ओमेरो गोमेस गोन्सालेस जानेवारी 2020 मधे बेपत्ता झाले आणि मग त्यांचा मृतदेह सापडला. चमच्यावर लिहिलेलं असतं की अवोकाडोच्या बीपासून बनवलंय, पण ते अवोकाडो कुठल्या डोंगरावरचे हे लिहिलेलं नसतं. यात बायोफासेचा दोष आहे असं मी म्हणत नाही, पण कच्चा माल कुठून येतो हे विचारल्याशिवाय कुठल्याच वस्तूला हिरवं म्हणू नये.

माझं आवडतं उदाहरण वेगळंच आहे, आणि त्यात नवीन मटेरियल काहीच नाही. चिलीचा होसे मानुएल मोलर. सांतियागोत शिकायला असताना तो मित्रांबरोबर राहायचा, घरखर्च बघायचा, आणि त्याच्या लक्षात आलं की तेल, डाळ, कपड्याची पावडर लहान पुडीत घेतली तर त्याच मालाला मोठ्या पाकिटापेक्षा भरपूर जास्त पैसे पडतात, म्हणजे ज्याच्याकडे एकदम खर्च करायला पैसे नाहीत त्यालाच सगळं महाग, आणि प्लास्टिकही सगळ्यात जास्त त्याच्याच दारात. त्याने आल्ग्रामो काढली, वस्तीतल्या छोट्या किराणा दुकानांत यंत्रं बसवली, आपली बाटली आणा, हवं तेवढंच भरा, दर मोठ्या पाकिटाचाच. नंतर बाटलीवर चिप लावली म्हणजे पुन्हा भरलं की पुढच्या वेळची सवलत खात्यात जमा. युनिलिव्हरबरोबर विजेवर चालणाऱ्या तीनचाकीतून घरोघरी डिटर्जंट नेऊन दिलं. मला यात हे भारी वाटतं की गरीब माणसाला पर्यावरणासाठी जास्त पैसे मोज असं कोणी सांगत नाही, उलट त्याचे वाचतात.

तुमच्या यादीतला साबण बहुतेक नोपालेरा असणार, सांद्रा लिलिया व्हेलास्केस या मेक्सिकन-अमेरिकन बाईंनी 2020 मधे सुरू केलेला. चांगला ब्रँड आहे, नोपालचा मान वाढवायचा म्हणून काढलेला, पण पर्यावरणाच्या हिशोबात तो छोटा मुद्दा आहे, एका ओळीत येऊ द्या.

---

अवकाळी:

टिपकागद यांचं बरंचसं पटलं, पण उद्योजक एका बाजूला आणि कार्यकर्ते दुसऱ्या बाजूला अशी विभागणीच मला चुकीची वाटते, कारण पोर्टो रिकोतल्या आधुंतास गावच्या कासा पुएब्लो या संस्थेत ही विभागणी टिकत नाही. माझ्या मते तुमच्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं यांना द्या.

1980 मधे डोंगराळ भागात तांबं, सोनं, चांदीसाठी मोठ्या उघड्या खाणी खणायचं ठरत होतं. आलेक्सिस मासोल गोन्सालेस हे इंजिनिअर, त्यांची बायको तिनती देया आणि गावातले लोक याच्या विरोधात उभे राहिले. सभा, भाषणं यांच्यापेक्षा संगीत, नृत्य, गावातली कला यांच्यातून लोक गोळा केले. एक जुनं घर घेऊन दुरुस्त केलं, तेच कासा पुएब्लो. पंधराएक वर्षं लढल्यावर 1995 मधे सरकारने उघड्या खाणींवर बंदी घातली, आणि जिथे खाण होणार होती ती जागा 1996 मधे बोस्के देल पुएब्लो नावाने राखीव जंगल झाली, देखरेख गावाचीच. मासोल यांना 2002 मधे गोल्डमन मिळालं.

आता उद्योजकतेचा भाग. सरकारी किंवा कंपन्यांच्या पैशावर राहिलो तर तोंड बंद ठेवावं लागेल म्हणून त्यांनी स्वतःची कॉफी काढली, कॉफे माद्रे इस्ला, आणि तिच्या विक्रीवर संस्था चालवली. 1999 मधेच घरावर सोलर पॅनेल बसवली होती, तेव्हा लोकांना ती हौस वाटत असेल. मग 20 सप्टेंबर 2017 ला मारिया चक्रीवादळ आलं आणि सगळ्या बेटाची वीज गेली, काही भागांत जवळजवळ वर्षभर आली नाही. आधुंतासमधे एका गुलाबी घरात दिवे चालू होते. लोक फोन चार्ज करायला आले, श्वासाची यंत्रं घेऊन आले, औषधं थंड ठेवायला आले. त्यानंतर यांनी हजारो सौर दिवे वाटले, डायलिसिस लागणाऱ्या लोकांच्या घरी सोलरवर चालणारे फ्रिज दिले, दुकानं, न्हाव्याचं दुकान, रेडिओ स्टेशन सोलरवर आणलं, आणि 2023 मधे गावच्या चौकातल्या बेकरी, औषधांचं दुकान वगैरे व्यवसायांना जोडणारी मायक्रोग्रिड, म्हणजे छोटं स्वतंत्र वीजजाळं, सुरू केली. हॉनल्ड फाउंडेशनने पॅनेल आणि बॅटऱ्यांसाठी मदत केली, पण मालकी आणि कारभार गावातल्या दुकानदारांच्या ना-नफा संस्थेकडे.

आता मुलगा आर्तुरो मासोल देया पुढे नेतोय, तो विद्यापीठात जीवशास्त्र शिकवतो. त्याचा आग्रह साधा आहे, वीज कशापासून करता एवढंच नाही तर ती कोणाच्या मालकीची आहे हेही विचारा. सोलरचं मोठं शेत कंपनीने सुपीक जमिनीवर टाकलं आणि तारा पुन्हा त्याच डोंगरांवरून आणल्या तर पुढच्या वादळात पुन्हा अंधारच.

---

पाऊलवाट:

बाप रे, किती सुंदर माहिती दिलीत सगळ्यांनी. कासा पुएब्लोबद्दल मी ऐकलंही नव्हतं, आणि लिटल व्हिलेजची गोष्ट मी नक्की घेणार, चिमणी पाडल्याच्या भागासकट. एक विचारते, लॅटिन अमेरिकेत पर्यावरणवाल्यांचे खून होतात हे टिपकागद यांच्या उत्तरातही आलं. ऑफिसातला कार्यक्रम आनंदाचा, खायचे पदार्थ, संगीत वगैरे, त्यात हे बोलावं का? गाळलं तर खोटं वाटेल आणि बोललं तर वातावरण बदलेल, काय करू कळत नाहीये.

---

रानमेवा:

बोला. गाळू नका, माझी कळकळीची विनंती आहे.

बेर्ता कासेरेस, होंडुरासच्या लेंका समाजाच्या. ग्वालकार्के नदी त्यांच्यासाठी पवित्र, तिच्यावर आग्वा सार्का धरण व्हायचं होतं, लोकांना विचारलंच नव्हतं. त्यांच्या कोपिन संघटनेने रस्ता अडवून धरला, 2013 मधे सिनोहायड्रो ही चिनी कंपनी बाहेर पडली. 2015 मधे गोल्डमन पुरस्कार, आणि मार्च 2016 मधे राहत्या घरात घुसून त्यांना गोळ्या घातल्या. पुढे न्यायालयात धरण कंपनीच्याच माणसांना शिक्षा झाल्या, त्यात कंपनीचा प्रमुखही होता. ग्लोबल विटनेस या संस्थेच्या नोंदीप्रमाणे 2023 या एका वर्षात जगभरात जमीन आणि पर्यावरणासाठी लढणाऱ्या 196 जणांचे खून झाले, त्यातले 79 एकट्या कोलंबियात. लॅटिन अमेरिकेचा वाटा बहुतेक वर्षी सगळ्यात मोठा असतो. हे सांगितलं नाही तर शिये बास्तिदासारख्या मुलीचं बोलणं नुसतं गोड वाटेल, ते किती धाडसाचं आहे ते कळणार नाही.

आणि त्याच कोलंबियातली दुसरी बाजूही आहे. फ्रान्सिया मार्केस, काउका भागातली काळी बाई, गावात बेकायदा सोन्याच्या खाणी, पाऱ्याने नदी खराब झालेली. 2014 मधे गावातल्या ऐंशी बायकांना घेऊन ती राजधानी बोगोतापर्यंत शेकडो किलोमीटर चालत गेली, सरकारला यंत्रं हटवायला लावली. तिच्यावरही हल्ला झाला. 2022 मधे ती देशाची उपराष्ट्राध्यक्ष झाली. बोगोतातलीच नोहरा पादिया, कचरा वेचणाऱ्यांची नेता, तिसरी पिढी तेच काम, तिने कचरावेचकांना शहराकडून कामाचा मोबदला मिळवून दिला, तिला 2013 चं गोल्डमन, म्हणजे किंबर्ली वॉसरमनबरोबर त्याच वर्षी. मला तर वाटतं या दोघींना एका स्लाइडवर ठेवा.

2018 चा एस्कासू करार पण घ्या, एप्रिल 2021 पासून लागू आहे, पर्यावरणासाठी लढणाऱ्यांना संरक्षण द्यायचं बंधन देशांवर टाकणारा जगातला पहिला करार, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनचा. म्हणजे नुसतं दुःख सांगून थांबायची गरज नाही, त्या लोकांनी त्यावर काय केलं तेही सांगता येतं.

अमेरिकेतलं कोणी तरुण हवं असेल तर नायेली कोबो. दक्षिण लॉस एंजेलिस, घरासमोर रस्त्यापलीकडे तेलविहिरी, लहानपणी नाकातून रक्त, डोकेदुखी, दमा. नऊ वर्षांची असल्यापासून सभांमधे बोलायला लागली. ती जागा 2020 मधे कायमची बंद झाली. एकोणिसाव्या वर्षी तिला कॅन्सर झाला, त्यातून उठली, 2022 मधे तिला गोल्डमन. त्याच वर्षी डिसेंबरमधे शहराने नव्या विहिरींना बंदी आणि जुन्या हळूहळू बंद असा कायदा केला, तेल कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. भांडण चालूच आहे.

---

कडुनिंब:

रानमेवा यांना पूर्ण अनुमोदन.

एक जुनी गोष्ट राहिली. हे सगळं काल-परवाचं नाही हे ऑफिसात कोणीतरी सांगायला हवं. 1965 मधे कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो मजुरांनी संप सुरू केला, मेक्सिकन मजूर त्यात आले, दोलोरेस उएर्ता यांनी देशभर द्राक्षांवर बहिष्कार उभा केला आणि करारांची बोलणी केली. 1970 च्या करारांत मजुरीबरोबर कीटकनाशकांच्या अटी होत्या, डीडीटी हे कीटकनाशक फवारायचं नाही अशी. केंद्र सरकारची डीडीटीवरची बंदी आली 1972 मधे. म्हणजे शेतमजुरांनी सरकारच्या आधी ती मिळवली, कारण विष पहिल्यांदा त्यांच्या अंगावर पडत होतं. पर्यावरणाच्या इतिहासात हे प्रकरण कामगार चळवळ म्हणून बाजूला टाकतात, मला ते खटकतं.

आणि ताई, एक सुचवू का, सगळं तुम्हीच बोलायला पाहिजे असं नाही. तुमच्या शहरात ग्रीनलॅटिनोज किंवा लॅटिनो आउटडोर्स या संस्थांचं कोणी काम करत असेल, नाहीतर वस्तीतली एखादी छोटी संस्था असेल, तर त्यांच्यातल्या कोणाला शेवटची दहा मिनिटं बोलवा, व्हिडिओवर का होईना. फक्त कंपनीकडून मानधन आधी मंजूर करून घ्या, हेरिटेज मंथमधे या लोकांना सगळे फुकट बोलवतात. रक्कम, तारीख आणि ती कोणाच्या बजेटमधून जाणार हे बोलावतानाच ईमेलमधे लिहा.

---

पाऊलवाट:

हो, हे एकदम पटलं. मॅनेजरला आजच विचारते. क्रम असा धरतेय: डेलानो, लिटल व्हिलेज, कासा पुएब्लो, मग बेर्ता आणि फ्रान्सिया, मग आल्ग्रामो आणि देसेर्तो पॉलियुरेथेनच्या मुद्द्यासकट, आणि शिये, नायेली शेवटी. टिपकागद, देसेर्तोचा तुकडा मागवून लोकांच्या हातात द्यायचा विचार आहे, चालेल ना?

---

टिपकागद:

चालेल, नक्की द्या. तुकडा उलटा करून मागचं कापडाचं अस्तरही दाखवा, म्हणजे वरचा थर किती पातळ आहे आणि निवडुंग त्यात कुठे आहे ते लोकांना बघून कळेल.